शांततेच्या कामाची बातमी कधी देणार?

प्रति,
मराठी दैनिकांचे आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक यांस



सरहद्दीवर काही विपरीत घडलं की त्या संध्याकाळी वाहिन्यांवर जी चर्चा रंगते, तिची मांडणी आता आम्हा प्रेक्षकांना पाठ झाली आहे. निवृत्त लष्करी अधिकारी असतात, पक्षांचे प्रवक्ते असतात आणि एका कोपऱ्यातल्या चौकटीत भारत-पाकिस्तान शांततेसाठी काम करणारा एखादा कार्यकर्ता बसवलेला असतो. त्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत 'आधी निषेध करा' असं फर्मावलं जातं. निषेध तो करतो, मनापासून करतो; पण तोवर आवाज इतके चढलेले असतात की तो कुणाच्या कानावर जात नाही. दुसऱ्या दिवशी त्या आरडाओरड्याचीच बातमी होते. मग पुढचा हल्ला होईपर्यंत त्या माणसाची कुणाला आठवण येत नाही.

मधल्या काळात तो काय करत होता, हे मराठी वाचकाला कधीच कळत नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. शांतता हे तुम्ही एक मत म्हणून दाखवता, ज्याला दुसऱ्या मताने तिथल्या तिथे गप्प करता येतं. ज्यांनी आयुष्य त्यात घातलं त्यांच्या लेखी ते रोजचं काम होतं आणि आहे. अर्ज लिहायचे, व्हिसासाठी खेटे घालायचे, तुरुंगातल्या माणसांची नावं जुळवायची, जिथून कालच नकार आला तिथे आज पुन्हा जायचं. हे काम दिसायला रूक्ष आहे. पण ज्या पानावर तुम्ही नगरपालिकेच्या निविदांची बातमी नेमाने छापता, त्या पानावर याला जागा नसावी असं काही नाही.

निर्मला देशपांडे यांच्यापासून सुरुवात करते, कारण त्या आपल्या घरातल्या. १९२९ साली नागपुरात जन्म. वडील पु. य. देशपांडे म्हणजे 'बंधनांच्या पलीकडे'चे कादंबरीकार. त्यांच्या 'अनामिकाची चिंतनिका' या पुस्तकाला १९६२ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. अशा घरातली मुलगी राज्यशास्त्रात एम. ए. होते, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवू लागते आणि १९५२ मध्ये सगळं मागे ठेवून विनोबांच्या भूदान पदयात्रेत सामील होते. त्यांच्या पदयात्रांचा एकूण हिशेब चाळीस हजार किलोमीटरचा सांगितला जातो. आकडा बाजूला ठेवा आणि त्या चालण्यात रोज काय होत असेल ते पाहा. नवं गाव, नवी सभा, जमीनदाराच्या ओसरीवर बसून त्याच्याकडेच जमीन मागायची. तो रागावणार, टाळणार, कधी नापीक तुकडा पुढे करणार. तरी त्याच्याविषयी कडवटपणा न ठेवता दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघायचं. पुढे दहशतवादाने पोळलेल्या पंजाबात आणि १९९४ मध्ये काश्मीरच्या खोऱ्यात शांततेसाठी त्या गेल्या, तेव्हा हीच सवय त्यांच्या कामी आली असं मला वाटतं. ज्याला आपण नको आहोत त्याच्या दारात उभं राहायला त्या विनोबांबरोबर शिकल्या होत्या.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मार्च २००० मधला प्रवास. तेव्हाचे महिने आठवून पाहा. मे ते जुलै १९९९ कारगिलचं युद्ध. ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानात लष्कराने सत्ता घेतली. डिसेंबरच्या अखेरीस आपलं विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं. दोन्ही देशांतली बोलणी बंद, मनं पेटलेली. अशा वेळी सत्तर वर्षांच्या निर्मलाताईंच्या नेतृत्वाखाली भारतीय बायकांची एक बस दिल्लीहून लाहोरला गेली. तिकडे मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या वकील अस्मा जहांगीर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी त्यांचं स्वागत केलं, आणि त्याच वर्षी पाकिस्तानी बायकांची बस परतभेटीला दिल्लीत आली. दोन्ही सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती तेव्हा या बायका एकमेकींना भेटल्या, एकमेकींशी बोलल्या. अशा प्रवासाने युद्ध थांबतं असा दावा मी करणार नाही. पण युद्ध संपल्यावर पलीकडे ओळखीचं कुणी असावं लागतं, फोन उचलणारं कुणी असावं लागतं. ते माणूस आधी जोडून ठेवावं लागतं, आणि जोडण्याची वेळ नेहमी चुकीचीच वाटते.

त्या दोनदा राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या. हरिजन सेवक संघाची धुरा त्यांनी अनेक वर्षं वाहिली. भारत सरकारने २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिलं आणि पाकिस्तान सरकारने २००९ मध्ये मरणोत्तर सितारा-ए-इम्तियाज. एकमेकांशी युद्धं लढलेल्या दोन देशांच्या सरकारांनी एकाच व्यक्तीच्या कामाची अशी दखल घ्यावी, ही मराठी वाचकाने अभिमानाने जपावी अशी गोष्ट आहे. निर्मलाताई गेल्या त्या १ मे २००८ रोजी, महाराष्ट्र दिनी. दर वर्षी त्या दिवशी तुमच्या पुरवण्या निघतात, थोर मराठी माणसांच्या याद्या छापल्या जातात. त्यांत योद्धे असतात, संत असतात, उद्योगपती आणि नट असतात. या बाईंसाठी एक स्तंभ निघू नये? त्यांनी बहुतेक लेखन हिंदीत केलं आणि त्या राहिल्या दिल्लीत, म्हणून त्या आपल्या नाहीत असं ठरवून टाकायचं का? दिल्लीत राहणाऱ्या मराठी मंत्र्यांच्या बाबतीत आपण असा विचार करत नाही.

दुसरं नाव अ‍ॅडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचं. चर्चेत तुम्ही एका बाजूला सैनिक आणि दुसऱ्या बाजूला शांततावादी बसवता, तेव्हा या माणसाला कुठल्या खुर्चीत बसवाल? १९३३ साली मुंबईत, माटुंग्याला जन्म. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडच्या आरमारातल्या 'बियास' या युद्धनौकेचे ते कप्तान होते. त्या कामगिरीसाठी वीरचक्र मिळालं. १९९० ते १९९३ नौदलप्रमुख. त्यांच्याच काळात नौदलाची दारं वैद्यकीय सेवेपलीकडे स्त्रियांसाठी उघडली. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळच्या भायमळ्यात शेती करत राहिले आणि पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमोक्रसी या मंचाच्या कामात पडले. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अण्वस्त्रांविरुद्ध ते जाहीरपणे बोलत राहिले. ज्याने समुद्रावर प्रत्यक्ष युद्ध लढलं त्याला युद्धाची किंमत कुणी शिकवायची गरज नव्हती. देशप्रेमाची परीक्षाही त्याने तुमच्या स्टुडिओत येऊन द्यायची गरज नव्हती.

२००४ चं मॅगसेसे पारितोषिक रामदास यांना पाकिस्तानचे इब्न अब्दुर रहमान यांच्याबरोबर विभागून मिळालं. हे रहमान तुमच्याच व्यवसायातले. जन्म आजच्या हरियाणातला, फाळणीनंतर पाकिस्तानात. 'पाकिस्तान टाइम्स'चे ते संपादक होते आणि पुढे तिथल्या मानवी हक्क आयोगाचं काम त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. हा आयोग सरकारी नव्हे, नागरिकांनी उभा केलेला. आपल्याच सरकारला आणि आपल्याच लष्कराला प्रश्न विचारत ते शेजारच्या देशाशी मैत्रीची बाजू मांडत राहिले. तिथे असं बोलणं इथल्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. २०२१ मध्ये रहमान गेले, मार्च २०२४ मध्ये रामदास गेले. अस्मा जहांगीर तर २०१८ मध्येच गेल्या. ती पिढी संपत आली आहे. त्यांच्यातलं जे कुणी अजून महाराष्ट्रात आहे, त्यांच्याकडे एखादा तरुण वार्ताहर पाठवा. त्याला चार दिवस द्या. त्यांच्या फायली, पत्रं, सभांची टिपणं पाहू द्या. मृत्युलेखाला माहिती हवी म्हणून घाईत केलेला फोन त्याला पर्याय होत नाही.

आता मी जिथे राहते तिथलं सांगते, कारण हे सगळं मला दिल्ली-लाहोरइतकं लांबचं नाही. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतले आदिवासी तरुण दर वर्षी ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. हंगामाची उचल आधीच घेतलेली असते. तिकडे सर क्रीकच्या पट्ट्यात दोन्ही देशांची हद्द अजून ठरलेली नाही, आणि पाण्यावर रेघ नसते. मासळी जिकडे, तिकडे तांडेल बोट नेतो. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने बोट धरली की सगळे कराचीला, मलीरच्या तुरुंगात. बोट कुणाची, कुठे न्यायची, हे ठरवण्यात खलाशाचा काही हात नसतो. शिक्षा मात्र तो भोगतो, आणि शिक्षा संपली तरी लगेच घरी येत नाही.

एका पाड्यावर अशाच एका खलाशाच्या बायकोने पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि कागद जमिनीवर मांडले. रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला, बोटीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि कराचीहून आलेलं एक पत्र. पत्र हिंदीत होतं, दुसऱ्या कैद्याने लिहून दिलेलं, कारण नवऱ्याला लिहिता येत नाही. त्यात तब्येत बरी आहे, मुलाला शाळेत घाल, एवढंच. तिची अडचण वेगळीच होती. तिकडून आलेल्या यादीत नवऱ्याचं नाव बरोबर होतं, पण सासऱ्याचं नाव भलतंच पडलं होतं. राष्ट्रीयत्वाची पडताळणी झाल्याशिवाय कैदी सुटत नाही आणि नाव जुळल्याशिवाय पडताळणी होत नाही. हा माणूस तोच, हे सिद्ध करण्यासाठी पोलीस ठाणं, तहसील, दिल्ली असा कागदाचा प्रवास सुरू होतो. हा कागद पुढे ढकलणारी माणसं म्हणजे तुमच्या चर्चेत ज्यांना बोलू दिलं जात नाही, तीच. ती दिल्लीत अर्ज देतात, कराचीतल्या एखाद्या वकिलाला किंवा कार्यकर्त्याला कळवतात, तो तिकडे तुरुंगात जाऊन नाव तपासतो. दोन्हीकडच्या या लोकांची ओळख कुठे झाली? अशाच परिषदांत, अशाच बसप्रवासांत, ज्यांच्यावर आपण फुकटचं पर्यटन म्हणून टीका ऐकली आहे.

सुटका होते तेव्हाही अशीच माणसं कामी येतात. कराचीहून लाहोरपर्यंतचा प्रवास आणि वाटेतलं खाणंपिणं बहुतेक वेळा तिथल्या ईधी फाउंडेशनने केलेलं असतं, मग वाघा, मग घर. सगळेच परत येतात असंही नाही. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीत कैदेत असतानाच मृत्यू झाला. देह गावी यायला महिन्याहून अधिक काळ लागला.

अशा कुटुंबांची माहिती घेऊन मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात गेले होते. तिथल्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सुटून आले की सांगा, स्टेशनवर फोटो घेऊ." त्याचा दोष मी मानत नाही. त्याला वरून तसंच शिकवलेलं असणार. पण सुटकेच्या दिवशी स्टेशनवर हार घालायला पुढारी असतात, त्यांना तुमची गरज नाही. गरज असते ती अडकलेल्या वर्षांत, जेव्हा त्या बाईला कुठल्याच कचेरीत कुणी ओळखत नाही. एका बातमीने तहसिलातला कागद हलतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तुमचा आक्षेप मला कळतो. मुंबईच्या वाचकाला २६ नोव्हेंबर २००८ विसरा असं कुणी सांगू शकत नाही. १६६ माणसं त्या हल्ल्यात गेली. पहलगामला ज्यांची माणसं मारली गेली त्यांच्यापुढे शेजारधर्मावर व्याख्यान देणं क्रूरपणाचं आहे. वाचकांचा संताप खरा आहे आणि तो बातमीत यायलाच हवा. पण त्या संतापाची धार शांततेसाठी काम करणाऱ्याकडे वळवून आपण काय मिळवतो? तो हल्लेखोर नाही, त्यांचा पाठीराखाही नाही. तिकडचे त्याचे सोबती तर त्याच दहशतवादाचे पहिले विरोधक आहेत, आणि त्यापायी धमक्या सोसणारे आहेत. कारण नसताना त्याला 'पाकप्रेमी' म्हणून मथळ्यात टाकलं, की दुसऱ्या दिवशी त्याच्या सोसायटीत, त्याच्या मुलांच्या शाळेत काय होतं, याची चौकशी एकदा करून बघा.

कठीण प्रश्न विचारू नका असं माझं म्हणणं नाही. जरूर विचारा. बस लाहोरला गेली त्यातून पुढे काय निघालं? काश्मिरी पंडितांच्या वेदनेवर तुम्ही किती बोललात? पलीकडच्या लष्कराच्या हाती सगळं असताना तिथल्या नागरिकांशी मैत्रीचा उपयोग किती? हे प्रश्न रास्त आहेत, आणि त्यांची उत्तरं या लोकांना सोपी जाणार नाहीत. फक्त ते एखाद्या शांत महिन्यात विचारा, उत्तराला अर्धं पान द्या, आणि न पटलेलं उत्तर तसंच छापून वाचकाला ठरवू द्या.

एक गोष्ट मात्र तुमच्या पानांवर मोठ्या अक्षरांत यायला हवी होती. निर्मलाताईंच्या निधनानंतर तीन आठवड्यांनी, २१ मे २००८ रोजी, दोन्ही देशांत एक करार झाला. त्यानुसार दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन तारखांना एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या असतात. त्या वर्षी पुढे मुंबईवर हल्ला झाला, नंतर किती काय घडलं, पण या तारखा पाळल्या जात राहिल्या. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला, मे महिन्यात दोन्ही देश प्रत्यक्ष लढले, अटारीचा रस्ता बंद झाला. तरी १ जुलै २०२५ ला याद्या दिल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत भारताचे १९३ मच्छीमार आणि ५३ इतर कैदी होते. भारताच्या यादीत तिकडचे ८१ मच्छीमार आणि ३८२ इतर कैदी. कराचीच्या इब्राहिम हैदरी या मच्छीमार वस्तीतही कुणी बाई आपल्या पाड्यावरच्या बाईसारखीच कागद सांभाळून बसली असेल, हे या आकड्यांवरून कळतं.

याच्या शेजारी एक न चालणारी यंत्रणाही आहे, तिचाही पाठपुरावा करा. २००७ मध्ये दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती नेमली होती. ती तुरुंगांना भेटी द्यायची, शिक्षा संपलेल्यांची, आजारी कैद्यांची, बायकामुलांची सुटका सुचवायची. २०१३ नंतर तिचं काम थांबलं. २०१८ मध्ये ती पुन्हा उभी करायचं ठरलं, तरी समिती पूर्ववत कामाला लागली नाही. परराष्ट्र खात्याच्या पत्रकार परिषदेत एका मराठी वार्ताहराने याविषयी प्रश्न विचारला, तर त्याने देशाचं काहीही नुकसान होणार नाही. आपल्याच राज्यातल्या गरीब माणसांचा तो प्रश्न आहे.

म्हणून शेवटी एवढंच मागते. येत्या १ जानेवारीला यादी जाहीर झाली की फक्त आकडा छापू नका. पालघरचे किती, ते कधीपासून आत आहेत, कुणाची शिक्षा संपून गेली आहे, कुणाची पडताळणी कुठल्या टेबलावर अडली आहे, हे शोधायला आपला जिल्हा प्रतिनिधी पाठवा, आणि सहा महिन्यांनी १ जुलैला तेच पुन्हा करा. कोण ही कामं वर्षानुवर्षं करत आलं आहे, हे त्याला त्या पाड्यांवर आपोआप कळेल. त्यांची नावं त्या बातमीत येऊ द्या.



आपली नम्र,
पालघर जिल्ह्यातील एक वाचक